छावणीत पाणी कुठून येत होतं?

ईशान आणि रेवा,

पुढच्या महिन्यात तुम्हा दोघांच्या पत्त्यावर एकेक पुस्तक येईल. ते उघडण्याआधी हे वाचा. दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्या कामाबद्दल लेख मागितला आणि मी लगेच हो म्हटलं, ते तुमच्यासाठी. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, जन्मभर मी तेच शिकवलं. पण ज्या बाईबद्दल लिहायचं आहे तिला हे वाचता आलं पाहिजे. तेव्हा मराठीतच लिहिते आणि वाक्यं लहान ठेवते. अडलं तर आईला विचारा.

घाई एवढ्याचसाठी की त्या पुस्तकातलं एक प्रकरण तुमच्या आजोबांबद्दल आहे. माझ्याबद्दलही आहे. बीडमधलं कुणीतरी ते फोनवर तुम्हाला पाठवीलच, वर आपली दोन वाक्यं जोडील. त्याआधी माझ्याकडून ऐका. गेले पंधरा दिवस मी कपाटं आवरते आहे, आवरलेली पुन्हा आवरते आहे. तुमची आई म्हणते, "आई, आता बसा." बसले की पुन्हा उठते.

रेवा लहानपणी विचारायची, "आजी, तू पुस्तकं लिहितेस का?" नाही. मी दुसऱ्यांची पुस्तकं दारापर्यंत पोहोचवायची. कॉलेजच्या ग्रंथालयात येणाऱ्या एका विलायती साप्ताहिकात मी 'लिटररी एजंट' हा शब्द पहिल्यांदा वाचला. लेखक आणि प्रकाशक यांच्यामध्ये बसणारा माणूस. तो हस्तलिखित वाचतो, काय कापावं आणि काय वाढवावं ते सांगतो, कुठल्या प्रकाशकाला ते रुचेल हे ओळखतो, कराराच्या अटी लेखकाला समजावून देतो. मराठीत असा माणूस कुणी ठेवत नाही. लेखक स्वतःच वह्या घेऊन पुण्याला जातो. पण शिरूर कासारहून निघून, पुण्यात पत्ता शोधत, जिना चढून 'मी पुस्तक लिहिलं आहे' असं सांगायची हिंमत किती जणांत असते? ज्यांच्यात असते त्यांच्यात बहुधा तेवढीच असते, हे मला पुढे कळलं.

तुमच्या आजोबांनी थट्टेनं का होईना, दाराला पाटी लावून दिली: 'साहित्य एजंट'. आमच्याकडे एजंट म्हणजे विम्याचा, जमिनीचा, नाहीतर आरटीओचा. पहिल्याच आठवड्यात एक ट्रॅक्टरवाला चपला काढून आत आला.

"बाई, लायसन किती दिवसात काढून देता?"

"मी पुस्तकांची एजंट आहे."

त्यानं थोडा विचार केला. "मंग पासबुकाचं तरी बघा की."

हळूहळू खरे लेखक येऊ लागले. एका निवृत्त तलाठ्यांनी आपल्या भागातल्या साखर कारखान्याच्या अध्यक्षांवर नऊशे ओव्या रचून आणल्या. मी त्यांना म्हटलं, "यातला माणूस एकदाही चुकत नाही, हे कसं?" ते म्हणाले, "चुकवला तर पुढच्या हंगामात माझा ऊस कोण नेईल, बाई?" त्यांचं उत्तर ओव्यांपेक्षा चांगलं होतं. तेच लिहा म्हटलं, तर पुन्हा आले नाहीत.

धारूरचे एक शिक्षक किल्ल्यावरची ऐतिहासिक कादंबरी घेऊन आले. तीनशे पानं, तलवारीच तलवारी. मी विचारलं, "किल्ल्यावर पाणी कुठून येतं?" ते म्हणाले, "असंल की कुठंतरी." घर किल्ल्यापासून पंधरा मिनिटांवर, आणि लहानपणानंतर ते वर चढलेलेच नव्हते! म्हटलं, वर जा, टाक्या बघा, पाणी भरायला कोण जात असेल त्याचा विचार करा, मग या. दोन महिन्यांनी आले ते ऐंशी पानं घेऊन. तलवारी गेल्या होत्या, पाणी भरणाऱ्या बायका आल्या होत्या. ती ऐंशी पानं छापून आली.

तेव्हापासून नव्या लेखकाला मी हा एकच प्रश्न विचारू लागले. तुमच्या पुस्तकातल्या घरात पाणी कुठून येतं? कोण आणतं, किती लांबून, आणि आल्यावर आधी कोण पितं? आपल्या जिल्ह्यात ज्याला हे सांगता येतं, त्याला त्या घरातले रुसवे, लग्नं, वाटण्या सगळं सांगता येतं. ज्याला येत नाही त्याची भाषा कितीही गोड असो, मी वही परत करायची. भाषा दुरुस्त करता येते. न पाहिलेलं दुरुस्त करता येत नाही. दुसरं मी बघायची ते असं, की हे कापा म्हटल्यावर माणूस भांडतो का. अजिबात भांडत नाही त्याला आपलं काय चांगलं आहे हे ठाऊक नसतं. प्रत्येक ओळीसाठी भांडतो त्यालाही नसतं.

माझी कामाची पद्धत ठरलेली होती. वही आली की नोंदवहीत नोंद: आली, वाचली, पाठवली, परत. पेन्सिलीत लिहिलेल्या शाळेच्या वह्या पुण्याला कुणी वाचत नाही, म्हणून मी स्वतःच्या हातानं सुवाच्य प्रत करायची, ती पाठवायची, आणि मूळ वह्या लेखकाला लगेच परत द्यायची. त्या नोंदवहीत एकाच वहीपुढचा 'परत'चा रकाना कोरा आहे. तो का, हे सांगण्यासाठीच हा लेख.

आषाढातल्या एका दुपारी गयाबाई आल्या. खताच्या रिकाम्या पिशवीत चार वह्या गुंडाळलेल्या. पस्तिशीतल्या असतील. सासर शिरूर कासारजवळच्या एका वाडीत. सातवीपर्यंत शाळा झालेली. दसऱ्यानंतर नवराबायको ऊसतोडीला जायचे आणि सहा महिन्यांनी परतायचे. गावच्या मास्तरांनी माझं नाव सांगितलं होतं.

"पुस्तकाच्या एजंट तुमीच का?"

"हो. बसा."

"वाचा तुमी. मी बसते. तीनची एसटी हाय."

"आत्ताच वाचू?"

"मंग कवा? परत यायचं म्हंजी दिवस मोडतो."

त्या भिंतीला टेकून बसल्या आणि मी वाचू लागले. तीनची एसटी गेली, पाचची गेली. तोडीवरच्या राहुट्या, उसाच्या पाचटानं कापलेले हात, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना पाय कुठे ठेवायचा, हे सगळं त्यात होतं. रडगाणं कुठेच नव्हतं. चौथ्या वहीत चार वर्षांपूर्वीचा दुष्काळ होता. त्या वर्षी नवरा एकटाच तोडीवर गेला, आणि गयाबाई माहेरची जनावरं घेऊन नांदूरघाटच्या बाजूच्या चारा छावणीत पाच महिने राहिल्या. छावणी म्हणजे दुष्काळात गावोगावची जनावरं एका माळावर आणून बांधायची आणि तिथे त्यांना चारापाणी द्यायचं. माणसंही जनावरांच्या शेजारी राहायची. ही छावणी एक सहकारी दूधसंस्था चालवत होती, आणि त्या संस्थेचे चेअरमन तुमचे आजोबा होते.

मला ते वाचताना अभिमान वाटला. आमचंच चांगलं काम पुस्तकात येणार म्हणून. आणि मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला.

"गयाबाई, बाकी सगळं दिसतं. पण छावणीत पाणी कुठून येत होतं?"

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "ते लिवायचंय का?"

"लिहायलाच हवं. त्याशिवाय छावणी दिसत नाही."

"बरं," म्हणाल्या आणि गेल्या.

दोन महिन्यांनी, भाद्रपदात, पाचवी वही आली. तोवर पहिल्या चार वह्यांची प्रत तयार होती. पाचव्या वहीत एकच प्रकरण होतं, चौदा पानांचं. मी नेहमीप्रमाणे पेन्सिल हातात घेऊन वाचायला बसले.

छावणीला रोज टँकर यायचा. तो हौदात अर्धाच मोकळा व्हायचा, आणि उरलेलं पाणी घेऊन माळामागच्या वाटेनं निघून जायचा. टँकरची तोटी गळकी होती. तो गेला की फुफाट्यावर ओली रेघ उमटायची. चिमण्या त्या रेघेवर उतरायच्या. एक दिवस हौदातलं पाणी दुपारीच संपलं, आणि गयाबाईंची हरणी नावाची गाय त्या रेघेला लागली. माती चाटत पुढे, आणखी पुढे. गयाबाई दावं धरून तिच्या मागे. अर्धा कोस गेल्यावर रेघ एका फाटकाशी संपली. आत मोसंबीची बाग होती आणि टँकर विहिरीत रिकामा होत होता. राखणदारानं गाय हाकलली. चौथ्या दिवशी हरणी छावणीत मेली.

मी तिथेही थांबले नाही, कारण बागा पुष्कळांच्या असतात. पुढच्या पानावर होतं: 'मग एका रविवारी जीपमधून एक बाई आल्या. पांढरी साडी, काळा चष्मा. त्यांनी बागेतली मोसंबी टोपलीत आणून छावणीतल्या पोरांना वाटली. पोरांनी सालीसकट खाल्ली. बाई फार मायाळू होत्या. त्या म्हणाल्या, देवाच्या दयेनं आमची बाग जगली.'

ते माझं वाक्य होतं. अक्षर न अक्षर.

पेन्सिल मी खाली ठेवली आणि परत उचललीच नाही. एजंट म्हणून मला पहिल्याच वाचनात कळलं होतं, की पुस्तकातलं सर्वांत चांगलं प्रकरण हे आहे. पुढचे चार दिवस मी कॉलेजात चुकीच्या वर्गात शिरत होते. जेवायला बसले की वाटे, तुमच्या आजोबांना माझ्या चेहऱ्यावरून कळणार. ते रोजच्यासारखे हसत, पान लावत, दूधसंस्थेच्या येणाऱ्या निवडणुकीचं बोलत. त्यांना खरंच माहीत होतं का? टँकर ड्रायव्हरनं परस्पर केलं असेल का? हे मी स्वतःला शंभरदा विचारलं आणि त्यांना एकदाही विचारलं नाही.

गयाबाई मत विचारायला आल्या तेव्हा मी सफाईनं बोलले. "प्रकरण चांगलं आहे, पण पुस्तकाच्या चालीत बसत नाही. बाकी लिखाण शांत आहे, हे एकदम वेगळ्या सुरात जातं. वगळलेलं बरं." वीस वर्षांत कमावलेली माझ्या धंद्याची भाषा मी त्या दिवशी खोटं बोलायला वापरली. आणि ती किती छान वापरता येते, याचं मला भय वाटलं.

आधीच्या वह्यांतल्या नेमक्या ओळींसाठी माझ्याशी भांडलेल्या गयाबाई या वेळी भांडल्या नाहीत. "तुमी म्हंता तर ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या. चार वह्या पिशवीत घातल्या आणि पाचवी माझ्या टेबलावर तशीच ठेवून उठल्या. मीही ती पुढे केली नाही.

चार वह्यांची प्रत मी पुण्याला पाठवली. दसऱ्याच्या तोंडावर प्रकाशकांचं पत्र आलं. पुस्तक स्वीकारलं होतं. सोबत करारपत्र होतं: लेखिकेची सही आठ दिवसांत हवी, छापखान्यातली जागा त्यानंतर दुसऱ्या पुस्तकाला जाईल. आणि खाली संपादकांच्या अक्षरात एक ओळ: 'छावणीत पाणी कुठून येत होतं, हे कुठेच कळत नाही. लेखिकेला विचारून लिहून घ्यावे.'

माझाच प्रश्न माझ्या पत्त्यावर परत आला होता. मी ते पत्र चारदा घडी घालून पुन्हा उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी गयाबाईंच्या वाडीला गेले. अंगणात तोडीला जायची बांधाबांध चालली होती. कोंबड्या डालग्याखाली, पातेली पोत्यात. नवरा कोयत्याला धार लावत बसला होता. मी पत्र वाचून दाखवलं. शेवटची ओळही वाचली.

गयाबाई मोठ्यानं हसल्या. "बगा! त्यो पुण्याचा बी तेच इचारतो!"

"गयाबाई, ते प्रकरण चालीत बसत नाही म्हटलं, ते खोटं होतं."

"म्हायतीय."

"ती बाग आमची आहे."

"ते बी म्हायतीय. जीपमधून आल्तात की तुमी. म्या वळखलं तवाच, पयल्या दिवशी."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुमीच इचारलं न्हाई का, पाणी कुटून येतं म्हून? मला वाटलं, ह्या बाई परीक्षा घ्यायल्यात माझी. दोन महिने लई इचार केला. मंग वाटलं, न्हाई, ह्यांना खरंच ठावं न्हाई. म्हून लिवलं."

नवऱ्यानं कोयता बाजूला ठेवला. "मी म्हन्लं व्हतं हिला, मोठ्या लोकांच्या वाटंला जाऊ नगं. ऐकती व्हय?"

"तुमी धार लावा," गयाबाई त्याला म्हणाल्या, आणि मला विचारलं, "सायबांनी वाचलं का?"

"नाही."

"मंग आदी त्यांना वाचून दावा. त्यांच्या घरचं हाय. त्यांच्या माघारी छापलं तर ती चहाडी झाली. म्या चहाडी न्हाई लिवली."

"आणि तुम्ही निघणार कधी?"

"परवा. सकाळी ट्रक येतोय."

म्हणजे मला मध्ये एकच दिवस होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचे आजोबा ओसरीवर चहा घेत होते. निवडणुकीची माणसं यायला अजून अर्धा तास होता. मी म्हटलं, "अहो, एक वाचून दाखवायचं आहे." ते म्हणाले, "वाच की." त्यांना मी अधूनमधून लेखकांची पानं वाचून दाखवायची, त्यांना ते आवडायचं. मी उभ्यानंच वाचलं, चौदाच्या चौदा पानं. पहिल्या तीन पानांना ते मान डोलवत होते. ओल्या रेघेपाशी त्यांनी कप खाली ठेवला.

वाचून झाल्यावर ते फाटकाकडे वळले. मग म्हणाले, "अर्धा नव्हता. पाऊण टँकर तर छावणीतच जायचा."

बास, एवढंच. त्या एका दुरुस्तीनं मला सगळं कळलं.

"तुम्ही सांगितलं होतं ड्रायव्हरला?"

"अगं, बाग पाच-सहा वर्षांची होती. लेकरासारखी वाढवलेली. पंधरा दिवस मिळालं नसतं तर वाळून गेली असती. जनावरांना थोडं कमी पडलं असेल." मग माझ्याकडे न बघता, "ती मोसंबी तर तूच वाटलीस."

"हो. मीच वाटली."

"छापायचं का हे?"

"ते ती ठरवेल."

"निवडणूक होऊ दे. मग छापा म्हणावं. मी नाही कुठं म्हणतो?" फाटकाशी माणसं आली आणि ते उठून हसत सामोरे गेले. ते वाईट नव्हते, मुलांनो. छावणी त्यांनीच धडपड करून मिळवली होती, शेकडो जनावरं तिथे जगली. तेही खरं आणि टँकरही खरा. एवढी वर्षं मी ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघते आहे. एक दुसऱ्याला खोडत नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाडीत पोहोचले तेव्हा ट्रक भरत आला होता. वर पोती, पोत्यांवर माणसं, मध्ये एक शेळी. गयाबाई खाली उतरल्या.

"वाचलं?"

"वाचलं. पाऊण टँकर छावणीत जायचा म्हणतात."

"आसंल. त्ये टँकरवर बसले नव्हते, मीबी न्हाई." त्यांनी पदर खोचला. "आनखी काय म्हन्ले?"

"निवडणुकीनंतर छापा म्हणाले."

"हरणी न्हाई थांबली निवडणुकीपस्तोर." त्या हे शांतपणे म्हणाल्या. ट्रकच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला, वरून नवरा ओरडला, "आगं ये, चल की!" गयाबाईंनी पत्र्याच्या पेटीवर करारपत्र ठेवलं आणि सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली.

"पुस्तक जाऊ द्या आसंच. न्हाईतर ह्ये बी जाईल हातचं. वही ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. निवडणूक झाली की तुमी घाला. तुमच्यावर सोडलं."

"आणि संपादकांना काय लिहू?"

"लिवा, पाणी टँकरनं यायचं. खोटं न्हाई त्यात."

ट्रक गेला. मी घरी येऊन प्रतीत एक ओळ वाढवली: 'छावणीत पाणी टँकरने येई.' त्या पुस्तकातली ती एकच ओळ माझी आहे. छापील पुस्तकात माझं म्हणून जे काही आहे ते तेवढंच.

निवडणूक झाली. तुमचे आजोबा निवडून आले. मी विचारलं, तर म्हणाले, "लगेच नको, लोक म्हणतील निकालाची वाट बघत होते." मग कारखान्याची निवडणूक आली, मग पंचायत समितीची. आमच्याकडे निवडणुका संपतात कधी? काही वर्षांनी मी विचारणं सोडलं. भीती मात्र सुटली नाही. पुस्तक चांगलं चाललं, कॉलेजांत लागलं. एका कॉलेजात गयाबाईंना बोलावलं होतं, मी शेजारी बसले होते. एका मुलीनं उठून विचारलं, "छावणीत टँकर कुणाचा होता? पाणी पुरायचं का?" मी पदर सारखा करू लागले. गयाबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "टँकर सरकारचा व्हता, बाळा," म्हणाल्या, "आन पाणी कवा पुरतं व्हय?" सभागृह हसलं. परतताना एसटीत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांनी मला वाचवलं होतं, आणि आपल्याला ते करावं लागलं हे त्यांना आवडलं नव्हतं.

त्यानंतर मी पुष्कळ लेखकांना मोठ्या तोंडानं सांगितलं, जे पाहिलं ते लिहा. प्रत्येक वेळी माझ्याच आवाजाकडे माझे कान लागलेले असत.

दोन वर्षांपूर्वी तुमचे आजोबा गेले. या उन्हाळ्यात प्रकाशकांच्या मुलीचं पत्र आलं: नवी आवृत्ती काढतो आहोत, लेखिकेला काही वाढवायचं आहे का? मी गाडी करून वाडीला गेले. गयाबाई आता तोडीवर जात नाहीत. गुडघे गेलेत. ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी पाचवी वही त्यांच्या मांडीवर ठेवली.

"हे आता घालू या, गयाबाई."

त्यांनी वही उघडली नाही. "कावून आत्ता?"

मी खूप काही ठरवून गेले होते. ते बाजूला ठेवलं. म्हटलं, "ते गेले म्हणून."

"म्हंजी सायेब आसते तर न्हाई."

"नाही. बहुतेक नाही."

"लई भ्यालात तुमी." त्यांनी दोन शेंगा फोडल्या, दाणे माझ्या हातावर ठेवले. "मी बी भ्याले व्हते, ही वही तुमच्या टेबलावर ठिवली तवा. पर म्या ठिवली."

मी दाणे तोंडात टाकले.

"घाला," त्या म्हणाल्या. "पर एक काम करा. किती वरसं कपाटात ठिवली आन कावून ठिवली, ते तुमी लिवा. तुमच्या नावानं. मला न्हाई लिवायचं ते. ते तुमचं हाय."

म्हणून हे लिहिलं: अठरा वर्षं ती वही मी कपाटात ठेवली, भीतीपोटी. जन्मभर दुसऱ्यांना प्रश्न विचारून लिहायला लावलं. स्वतःवर वेळ आली तेव्हा एका लेखाला पंधरा दिवस लागले.

नव्या आवृत्तीत ती चौदा पानं आली आहेत. मी वाढवलेली ओळ काढली आहे. तुमच्या आजोबांचं नाव त्यात नाही, गयाबाईंनी तेव्हाही घातलं नव्हतं. 'पाऊण टँकर छावणीत जायचा, असं बागेच्या मालकांचं म्हणणं होतं' ही तळटीप मात्र गयाबाईंनी आग्रहानं घालायला लावली. त्यांना सांगू द्या त्यांचं, म्हणाल्या.

मी त्यांना मूळ वह्यांबद्दल विचारलं. संपादकांना पुस्तकात गयाबाईंच्या हस्ताक्षराचं एक पान छापायचं होतं. पहिल्या चार वह्या मी नियमाप्रमाणे परत दिल्या होत्या. त्यातल्या दोन तोडीवरच्या राहुटीत अवकाळी पावसात भिजून लगदा झाल्या. एक कुणीतरी वाचायला नेली ती आली नाही. एकीची पानं पोरांनी होड्या करायला फाडली. मोसंबीची बाग डिंक्या रोगानं गेली त्याला बरीच वर्षं झाली, तिथे आता कापूस आहे. दूधसंस्था बंद पडली.

गयाबाईंच्या हातची एकच वही उरली आहे, पाचवी. तिला पाणी लागलेलं नाही, पान फाटलेलं नाही, पेन्सिलीचं अक्षर स्पष्ट वाचता येतं. ती तेवढी माझ्या कपाटात होती.